लोखंड खरं, मूठ कुणाची?

रिव्हॉल्व्हर या वस्तूशी माझा संबंध दिवाळीतल्या टिकल्यांच्या पिस्तुलापाशी सुरू झाला आणि तिथेच संपला. तरीही जुन्या अमेरिकन रिव्हॉल्व्हरांच्या मुठींवर माझं प्रेम आहे. नळी, चाप, घोडा यांत मला रस नाही. फोटो समोर आला की नळी कुणावर रोखलेली आहे हे बघायच्या आत माझी नजर लाकडाच्या रेषांवर जाते. उद्या कुणी खरोखर माझ्यावर रिव्हॉल्व्हर रोखलंच, तर ‘अक्रोड का हो?’ एवढं विचारून होईल आणि मग कारभार आटोपेल.

या छंदातल्या माणसांनी आकारांना दिलेली नावं ऐकली की आपण शस्त्रागारात नसून शिवारात आलोय असं वाटतं. 1873 च्या ‘कोल्ट सिंगल अ‍ॅक्शन आर्मी’ची मूठ म्हणजे ‘प्लाऊ हँडल’, नांगराचं रुमणं. हा आकार 1851 च्या नेव्ही कोल्टवरून चालत आलेला. त्यात एक शहाणपण आहे. बार उडाला की ही मूठ तळहातात जराशी वळते, नळी वर जाते आणि घोडा आपणहून अंगठ्याजवळ येतो. दर गोळीला घोडा अंगठ्यानंच ओढायचा असल्यामुळे ही सोय मोठीच. 1877 च्या ‘लायटनिंग’ची मूठ खाली आत वळलेली, म्हणून ती पक्ष्याचं डोकं. स्मिथ अँड वेसनच्या आधीच्या मुठी मात्र चौकटीच्या खांद्याच्या खालीच थांबायच्या, आणि जोरदार काडतूस असलं की वरचं पोलाद अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात बसायचं. 1935 च्या सुमारास, .357 मॅग्नमच्या काळात, लाकूड खांद्यापर्यंत वर चढलं आणि ‘मॅग्ना’ मूठ आली. पुढच्या काळात मधे फुगीर आणि वरखाली निमुळती अशी एक मूठ निघाली, तिला लोक कोकची बाटली म्हणतात. नांगर, पाखरू, थंड पेय. माणसं मारायच्या हत्याराला एवढी निरुपद्रवी नावं दुसरीकडे कुठे मिळाली नसती.

खरी गंमत लाकडात आहे, आणि खरी भांडणंही तिथेच. नेहमीचे पक्ष दोन: अक्रोड आणि रोजवुड. कोल्टच्या लष्करी रिव्हॉल्व्हरांना अक्रोड, तर स्मिथ अँड वेसनच्या 1860 च्या दशकातल्या ‘नंबर टू’ला रोजवुड. कागदावर हे सोपं आहे. प्रत्यक्षात अक्रोडावर तांबूस व्हार्निश चढवलेलं असतं, त्यावर शंभर-दीडशे वर्षांचा घाम, बंदुकीचं तेल आणि चामड्याच्या म्यानाचा रंग. एवढा ऐवज पाहून विकणारा ‘रोजवुड’ म्हणून मोकळा होतो. का होऊ नये? त्यानं किंमत वाढते.

मार्ग एकच. स्क्रू काढायचा, फळी उलटी करायची आणि जिथे व्हार्निश पोचलेलं नाही तिथे बघायचं. मग भिंग घेऊन मुठीच्या तळाशी, जिथे रेषा आडव्या कापल्या जातात तिथे. अक्रोडात वर्षाच्या सुरुवातीची छिद्रं मोठी असतात आणि वलयाच्या टोकाकडे हळूहळू बारीक होत जातात. रोजवुडात छिद्रं विरळ, इकडेतिकडे विखुरलेली, असा चढउतार न पाळणारी. रोजवुड जड, किंचित तेलकट, जांभळट तपकिरी, अंगावर काळ्या रेघा. अक्रोड चॉकलेटी, आणि गंमत म्हणजे उजेडात वर्षं काढली की काळवंडायच्या ऐवजी फिकट होत जाणारं. रोजवुडाला ताजं घासलं की गोडसर वास येतो. पण दीडशे वर्षांची मूठ वासासाठी घासणाऱ्याकडे संग्राहक ज्या नजरेनं पाहतात, तिच्यापुढे .45 ची नळी सुसह्य वाटावी.

ब्राझीलचं हे रोजवुड, डालबर्जिया नायग्रा, आपल्या शिसवाचं चुलत भावंड. आपला शिसव डालबर्जिया लॅटिफोलिया. आजोळी शिसवी पलंगावर लोळलेल्या माणसाला तो जांभळा काळेपणा वेगळा शिकवावा लागत नाही. ब्राझीलच्या झाडाचा आंतरराष्ट्रीय व्यापार 1992 पासून जवळपास बंदच आहे, त्यामुळे नवी मूठ करून घेणं अवघड. घरातल्या शिसवी चौरंगाचा एक पाय निखळलेला आहे, त्याच्याकडे मी अधूनमधून बघतो. घरातल्यांनी तो पाय आता कपाटात ठेवला आहे.

पण मूठ हा या हत्याराचा सगळ्यात बेभरवशाचा साक्षीदार. नळी बदलायला कारागीर लागतो, मूठ बदलायला एक पेचकस पुरतो. म्हणून स्मिथ अँड वेसनवाले उजव्या फळीच्या आतल्या बाजूला अनुक्रमांक शोधतात, पेन्सिलीनं लिहिलेला किंवा ठोकलेला. तो चौकटीवरच्या आकड्याशी जुळला की मोठी माणसं लहान मुलांसारखी टाळ्या पिटतात. स्क्रूभोवती लाकडाचा शंकरपाळ्यासारखा चौकोन राखलेला असला तर मूठ 1968 च्या आधीची. त्या वर्षी कंपनीनं तो बंद केला.

सिनेमातल्या शेरीफांना हस्तिदंताशिवाय चालत नाही. एकेकाळचा खरा शेरीफ बॅट मास्टरसन काय मागत होता? जुलै 1885 मध्ये डॉज सिटीच्या ऑपेरा हाऊस सलूनमधून त्यानं कोल्ट कंपनीला पत्र लिहिलं: निकेलचा मुलामा द्या, चाप हलका ठेवा, पुढची माशी जरा उंच आणि जाड करा, आणि मूठ गटापर्चाची बसवा. म्हणजे तेच काळं कडक रबर, जे कोल्टनं 1882 च्या सुमारास गरुडाचं चित्र उमटवून वापरायला घेतलं होतं. जास्तीच्या कामाचे जास्त पैसे द्यायची तयारीही त्यानं कळवली होती.

म्हातारपणी मास्टरसन न्यूयॉर्कमध्ये वर्तमानपत्रात लिहीत असे, आणि लोक त्याच्या ‘त्या’ रिव्हॉल्व्हरासाठी मागे लागत. असं सांगतात की तो गहाणवटीच्या दुकानातून जुनं कोल्ट आणायचा, मुठीवर मारलेल्या माणसांच्या खाचा पाडायचा आणि गिऱ्हाइकाच्या हवाली करायचा. गोष्ट खरी असेल तर माझी खात्री आहे, दुकानात त्यानं लाकडी मुठीचंच निवडलं असणार. कडक रबरावर सुरी चालवली की कपचा उडतो.