थर्माकोलची थेम्स

सन्माननीय संचालक महोदय यांस,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, गेल्या आठवड्यात रात्री दीड वाजेपर्यंत मी तुमच्या शाळेचा गृहपाठ करत बसलो होतो. वय वर्षे त्र्याहत्तर. नववीतल्या नातवाच्या भूगोलासाठी थर्माकोलची थेम्स करायची होती. केली. ३४६ किलोमीटरची नदी दुर्गाघाटावरच्या आमच्या माडीत, दिवाणाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत मावली. काडेपेट्यांचा लंडन ब्रिजही झाला. खिडकीबाहेर गंगा होती. पण तिचं नाव तुमच्या पटावर नाही.

नातवानं आधी गंगाच मागितली होती. बाई म्हणाल्या, "आपला ब्रिटिश करिक्युलम आहे." पोराचं कुतूहल वेळीच आवरल्याबद्दल आभारी आहे. नाहीतर त्यानं विचारलं असतं, समुद्राकडे निघालेली गंगा काशीत उत्तरेला का वळते? मग उत्तर शोधायचं काम बाईंच्या गळ्यात पडलं असतं.

आमच्या घाटाकडच्या जिन्यात वडिलांनी १९७८च्या पुराची रेघ मारून ठेवली आहे. धोक्याची पातळी ७१.२६ मीटर, त्या सप्टेंबरात पाणी ७३.९० वर गेलं होतं. नातू रोज त्या रेघेजवळून उतरून तुमच्या एसी बसमध्ये बसतो. थेम्सचं भरतीचं पाणी अडवणाऱ्या दरवाजांचं उद्घाटन १९८४ साली राणीच्या हस्ते झालं, हे त्याला तोंडपाठ आहे. रेघेबद्दल मात्र अजून कुणी गुण दिलेले नाहीत.

रिकामटेकडा म्हातारा मी, तुमच्या परीक्षेच्या जुन्या प्रश्नपत्रिका मिळवून वाचल्या. केंब्रिजची ही आयजीसीएसई १९८८ साली पहिल्यांदा झाली, आणि बेतली होती तीच मुळी विलायतेबाहेरच्या मुलांसाठी. खुद्द इंग्लंडातली बहुतेक पोरं जीसीएसईला बसतात. भूगोलात तर चक्क विचारतात की, तुम्ही अभ्यासलेल्या एखाद्या नदीबद्दल लिहा. नदी कोणती, ते पोरानं ठरवायचं. म्हणजे केंब्रिजला गंगा चालते. अडते ती तुमच्या फाटकाशी.

आमच्या गावात यंत्रमागाची साडी हातमागाची बनारसी म्हणून गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारणारे दुकानदार आहेत. पण त्यांना निदान आपण काय विकतो हे ठाऊक असतं. आपण लाखाची फी घेऊन जो अभ्यासक्रम विकता, तो एकदा वाचून पाहावा, ही नम्र विनंती.

आणि 'आंतरराष्ट्रीय' म्हणाल, तर परगावच्या विद्येची या गावाला नवलाई नाही. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक करणाऱ्या गागाभट्टांचं घराणं मूळचं पैठणचं. ते काशीत शिकवायला बसलं तेव्हा शिष्यांकडून त्यांनी गोदावरीची प्रतिकृती मागवल्याचं ऐकिवात नाही.

असो. आमच्या थेम्सला दहापैकी नऊ गुण मिळाले. एक गुण कापला, कारण 'पाण्याचा रंग चुकला'. चूक माझीच. खिडकीतून बघत बघत रंगवली, म्हणून गढूळ झाली. बाईंना फक्त एवढं कळवा, की लंडनातली थेम्सही गढूळच वाहते. निळी असते ती तुमच्या माहितीपुस्तिकेत.

कळावे, लोभ असावा. फी भरली आहे.

आपला,
नववीतला एक आजोबा
दुर्गाघाट, वाराणसी