होऊ घातलेल्या गाठीस अनावृत पत्र

प्रति,
श्रीमती गाठबाई,
मुक्काम : अद्याप अनिश्चित. डावीकडे किंवा उजवीकडे.

विषय : आपल्या आगमनाची वेळ व आकारमान यंत्रणेच्या सोयीने ठेवण्याबाबत.

महोदया,

आपण आहात की नाही, मला ठाऊक नाही. नसाल तर हे पत्र रद्द समजावे. ते कळण्यासाठी स्तनाचा एक फोटो, म्हणजे मॅमोग्राफी, काढावा लागतो, आणि त्या खटपटीत असताना माझ्या लक्षात आलं की आमच्याकडची सगळी यंत्रणा आपण हाताला लागल्यावरच जागी होते. म्हणून विनंती अशी, की यायचंच असेल तर जरा नियमात बसून या.

पहिला नियम तक्रारीचा. जिल्ह्याच्या गावी एका तपासणी केंद्रात गेले होते. काउंटरवरच्या मुलीने डॉक्टरांची चिठ्ठी मागितली. नव्हती. "काही त्रास आहे का काकू?" नाही. "गाठ लागते?" नाही. "मग कशाला करताय?" काही नाही ना, हेच बघायचंय, असं मी म्हटलं तेव्हा तिने माझ्याकडे पैसे जास्त झालेल्या बाईकडे बघावं तसं बघितलं आणि कळवळून सल्ला दिला, "ऑक्टोबरात या, पॅकेज असतं."

तेव्हा महोदया, कृपया ऑक्टोबरात या. स्तनकर्करोग जागृतीचा महिना म्हणून तेव्हा गुलाबी फिती असतात, गुलाबी फुगे असतात, सकाळी महिलांची दौड आणि संध्याकाळी मान्यवरांच्या हस्ते दीपप्रज्वलन असतं. नोव्हेंबरात आलात तर अकरा महिने थांबावं लागेल, आणि थांबणं आपल्या स्वभावात नाही असं ऐकते. ब्रिटनमध्ये रीत उलटी आहे. तिथे १९८८ पासून सरकारी तपासणी चालते, आणि आज पन्नाशी ओलांडलेल्या बाईला एकाहत्तराव्या वर्षापर्यंत दर तीन वर्षांनी बोलावणं घरी येतं. तक्रार नसलेल्या बाईलाच! आमच्याकडे घरी येणारी बोलावणी लग्नाची.

दुसरा नियम आकाराचा. हाताला लागायचं तर आपण साधारण एक-दोन सेंटिमीटरच्या तरी व्हायला हव्यात. मॅमोग्राफीचं यंत्र मात्र फार आगाऊ. स्तन दोन पट्ट्यांत दाबून एक वरून, एक तिरका, असे प्रत्येकी दोन फोटो काढतं आणि आपण काही मिलिमीटरच्या असताना, कधी तर चुन्याच्या बारीक कणांवरूनच, चुगली करतं. दाबताना दुखतं, पण ते काही सेकंदांचं. तर इतक्या कोवळ्या वयात पकडल्या जाऊ नका. मोठ्या व्हा. मोठ्या झालात की सरकारचाही हात सैल सुटतो; महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरची शस्त्रक्रिया बसते, केमो बसते, रेडिएशन बसतं. धडधाकट बाईचा फोटो तेवढा बसत नाही. माझ्या मेडिक्लेमचा एजंटही म्हणाला, "आधी ॲडमिट तर व्हा ताई, मग बघू." प्राप्तिकर खातं त्या मानाने दिलदार. जुन्या करप्रणालीत प्रतिबंधात्मक तपासणीसाठी ५,००० रुपयांपर्यंतची वजावट मिळते. शेतमजूर बायांनी तिचा अवश्य लाभ घ्यावा.

कागदोपत्री आपला बंदोबस्त झालेला आहे, हेही कळवते. २०१६च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार ३० ते ६५ वयाच्या प्रत्येक बाईची दर पाच वर्षांनी प्रशिक्षित हातांनी स्तनतपासणी व्हायची आहे. आमच्या आशाताई त्याचा फॉर्म घेऊन आल्या होत्या. कंबर मोजली, तंबाखू विचारली. मग आपल्याविषयीचे तीन प्रश्न आले : स्तनात गाठ आहे का, बोंडातून रक्तमिश्रित स्राव येतो का, आकार बदललाय का. ओसरीवर सासरे पेपर वाचत बसलेले. आशाताईंनी तोंडातून शब्द न काढता तीनदा 'नाही'वर खूण केली, मीही मान हलवली, चहा झाला. आपण नाही आहात, हे असं सिद्ध झालं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत देशभरातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी आयुष्यात एकदा तरी स्तनतपासणी झालेल्या निघाल्या ०.९ टक्के. शंभरात एक पुरतीही नाही.

आता एक बातमी, जी आपल्याला रुचणार नाही. टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या दीड लाख बायकांना घेऊन एक अभ्यास सुरू केला. त्यातल्या साधारण निम्म्यांची तपासणी दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी नुसत्या हाताने केली. यंत्र नाही, फोटो नाही. २०२१ साली वीस वर्षांचा हिशेब छापून आला. सगळ्या वयांचा मिळून फरक ठामपणे सांगण्याइतका नव्हता. पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये मात्र आपल्या हातून होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले होते. म्हणजे तालुक्याला यंत्र नाही ही सबब निम्मीच खरी. आणि यंत्र तरी कुठे सर्वज्ञ आहे? तरुण वयात स्तन दाट असतो, फोटोत पांढरा दिसतो, आपणही पांढऱ्याच दिसता. लपायला उत्तम जागा. कधी ते उगाच घाबरवतं, सुई टोचायला लावतं. गावोगावी यंत्र बसवा असा माझा हट्ट नाहीच. पन्नाशीच्या बाईला यंत्र नाही तर निदान शिकलेला हात मिळावा, आणि तो तक्रार घेऊन जाण्याआधी मिळावा, एवढंच माझं म्हणणं. ते मी आपल्याला का सांगतेय म्हणाल, तर ज्यांना सांगायचं ते सगळे दीपप्रज्वलनाला गेलेत.

तरी वरील बाबींचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा. कळावे. लोभ नसावा.

एक बिनतक्रारी बाई

ता. क. : उपकेंद्राच्या सिस्टरांनी मंगळवारी हाताने तपासायला बोलावलंय. थोरल्या जाऊबाईंनाही नेतेय. त्या छप्पन्नच्या आहेत. सासऱ्यांना बचतगटाची मीटिंग आहे म्हणून सांगितलंय.