कुर्रर्र!

रा. रा. सायटोमेगॅलो विषाणू महाशय यांसी,
सा. न. वि. वि.

हे पत्र वारंगा फाट्यावरून लिहिते आहे. हिंगोली, नांदेड आणि यवतमाळच्या वाटा इथे मिळतात, आणि खिचडी खायला गाड्या थांबतात. आपणही इथेच उतरलात, असा माझा संशय. थोरल्या भाचीची उष्टी खिचडी माझ्या गरोदर भावजयीने ‘टाकायची कशाला’ म्हणून संपवली होती. लहान लेकरांच्या लाळेतून, लघवीतून आपला प्रवास. आईला साधी कणकणही येऊ देत नाही म्हणे. की आपण तिच्या अंगात लहानपणापासूनच मुक्कामाला होतात आणि ऐन गरोदरपणात जागे झालात? आमच्या देशात दहातल्या नऊ मोठ्या माणसांत आपलं बिऱ्हाड आहे. म्हणून भावजयीला बोल लावणाऱ्या बायांना मी तिथल्या तिथे गप्प केलं.

बाळ हलकं होतं, डोळे पिवळे. ‘कोवळ्या उन्हात धरा,’ एवढ्यावर विषय मिटला. बाराव्या दिवशी बारसं. पाळणा सजला, घुगऱ्या वाटल्या. आत्याचा मान माझा. मी वाकून त्याच्या कानात ‘कुर्रर्र’ केलं, नाव सांगितलं, आणि बायांनी माझ्या पाठीत असे धपाटे घातले की दोन दिवस पाठ दुखत होती. ज्या कानात नाव सांगितलं, तिथला कारभार तेव्हा आपण ताब्यात घेतला होतात की घेणार होतात, हे आपल्यालाच ठाऊक. सोहळा आवडला ना?

चौदाव्या महिन्यात मांडणीवरून पितळी डबा पडला. थोरली दचकून रडली; हा चमचा चोखत बसून राहिला.

मग धावाधाव. लघवीत आपण सापडलात! पण डॉक्टर म्हणाले, आता हे पोटातून आले की नंतर, सांगता येणार नाही. आईच्या दुधातूनसुद्धा आपण बाळाकडे जाता, म्हणून पुरावा हवा जन्मानंतरच्या 21 दिवसांतला: लघवीची किंवा लाळेची पीसीआर तपासणी. वा महाराज! बारसं बाराव्या दिवशी, बाळंतीण उंबऱ्याबाहेर पडणार सव्वा महिन्याने, आणि आपली मुदत बरोबर मधे संपते. आमचं पंचांग बघूनच ठरवलंत काय? भावजयीची ‘टॉर्च’ नावाची रक्ततपासणीही झाली होती. त्या टॉर्चच्या उजेडात एवढंच दिसलं की आपली तिची कधीतरी गाठ पडलेली आहे. ती कोणाशी पडलेली नाही?

आपली खरी करामत तर निराळीच. पोटातच गाठलेल्या दहा बाळांपैकी नऊ जन्मतः ठणठणीत दिसतात. त्यातल्या काहींचे कान आपण सावकाश, वर्षा-दोन वर्षांनी उतरवता. घाई करण्याचा आपला स्वभाव नाही.

आपल्यावर अजून लस नाही, याचा गर्व असेलच. पण औषध आहे. लक्षणं असलेल्या बाळाला पहिल्या महिन्यात व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर सुरू करून सहा महिने दिलं, तर ऐकणं आणि वाढ काहीशी सावरते, हे 2015 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसलं. पांढऱ्या पेशी घटतात, म्हणून वरचेवर रक्त तपासावं लागतं. मेंदूला झालेली इजा मात्र भरून निघत नाही. आमच्यापर्यंत ही माहिती आली तेव्हा बाळाचे दात आले होते.

आता त्याच्या कानामागे यंत्र आहे. ते तो उपसून खिचडीत बुडवतो. एवढ्यापुरता तो आपल्याच बाजूचा.

आणि हे परक्याचं पत्र वाचणाऱ्या आत्याबाईंनो, कानात कुर्र करण्याआधी विचारा, बाळाची कानाची तपासणी झाली का? त्यात शंका आली, डोकं लहान वाटलं, अंगावर जांभळे ठिपके दिसले, तर 21 दिवसांच्या आत लघवी तपासायला लावा. सव्वा महिन्याचं सोवळं नंतर पाळा.

आपल्या ओळखीची,
एक आत्या, वारंगा फाटा