फूटपट्टी कोणाच्या हातात?

जुन्या मोटोक्रॉस गाड्यांच्या शर्यतीत मागचं चाक किती वर-खाली व्हावं याला मर्यादा असते. चार इंच. पुढच्या चाकाला सात. अमेरिकेतल्या ‘आरमा’ या संघटनेचा, म्हणजे अमेरिकन हिस्टॉरिक रेसिंग मोटरसायकल असोसिएशनचा, व्हिंटेज वर्गासाठी हा नियम आहे. साठी ओलांडलेली माणसं अर्ध्या इंचावरून एकमेकांशी बोलणं टाकतात हे ऐकून बाहेरचा माणूस हसतो. त्यात हसण्यासारखं काही नाही, कारण भांडण खऱ्या गोष्टीवरून आहे.

1973 साली स्वीडनच्या हाकान अँडरसनने यामाहाच्या एकाच मागच्या शॉकच्या गाडीवर 250 सीसीचं जागतिक अजिंक्यपद मिळवलं. ती रचना बेल्जियमच्या ल्युसिएन टिलकेन्सची. पुढच्याच वर्षी जर्मनीच्या मायकोने हंगामाच्या मध्यावर मागचे शॉक पुढे सरकवून चाकाला जास्त मोकळीक दिली. तिथून सगळे कारखाने त्याच मागे लागले, आणि कालपर्यंत जिंकणारी सीझेड किंवा बुलटॅको कंपनीची गाडी दोन-तीन हंगामांत मोडीच्या भावाची झाली. खड्डे तेच राहिले, पण नवी गाडी त्यांवरून उडत जाई आणि जुनी गाडी स्वाराचे मणके मोजत जाई. म्हणून चार इंच. 1974 हे साल नुसतं लिहून भागत नाही, कारण त्या एका सालात दोन युगांच्या गाड्या आहेत. नियम बरोबरच आहे.

गडबड नियमाच्या पुढच्या ओळीत आहे. गाडी नंतरच्या सालातली असली, पण रचना जुनीच असेल, तर ती चालते. रचना ‘जुनीच’ आहे हे ठरवणार कोण? कोणीतरी एक माणूस. तो त्याच भागातला, स्वतःही त्याच वर्गात धावणारा, गॅरेजमध्ये त्याच कंपनीच्या दोन गाड्या बाळगणारा. त्याने मान डोलावली की गाडीला गिऱ्हाईक मिळतं, नाही डोलावली की ती शोभेची वस्तू होते. जिथे नियमाचा एक शब्द माणसाच्या खिशाला लागतो, तिथे तो शब्द खेळाडूनेच लिहावा हे मला साफ नामंजूर आहे. तो माणूस कितीही सज्जन असो.

आरमा स्थापन झाली 1986 मध्ये. ब्रुकलिनचे वकील आणि जुन्या शर्यतीच्या गाड्यांचे नामांकित संग्राहक रॉब इयानुची त्यामागे होते. 1989 मध्ये ती सभासदांच्या मालकीची, नफा न कमावणारी संस्था झाली. कागदावर यापेक्षा चांगली गोष्ट घडू शकत नव्हती. पण एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला इयानुचींची ‘टीम ऑब्सोलीट’ ही रेसिंग टीम आणि आरमा न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात आमनेसामने होत्या आणि ते प्रकरण वर्षानुवर्षं चाललं. कोण बरोबर होतं हे सांगायला मी न्यायाधीश नाही. एवढं मात्र कळतं की कोर्टात गेलेला सभासदांच्या वर्गणीचा प्रत्येक डॉलर शर्यतीच्या मैदानावर पोचला नाही.

आज बारा विश्वस्त निवडून येतात, सहा पूर्वेचे, सहा पश्चिमेचे. भूगोलाची वाटणी झाली, खेळाची नाही. याच संघटनेत डांबरी ट्रॅकवरचे रोड रेसर आहेत आणि शेतातल्या चिखलातले मोटोक्रॉसवालेही. डेटोना किंवा लगुना सेकाचा ट्रॅक भाड्याने घेणं म्हणजे घसघशीत रक्कम. मोटोक्रॉसला एखाद्याचं माळरान, झेंडे आणि एक रुग्णवाहिका पुरते. ज्यांचा खर्च कमी, त्यांना आपले पैसे दुसरीकडे जातात असं वाटणारच. यावर उपाय समजुतीच्या भाषणांनी होत नाही. प्रत्येक प्रकाराचा जमाखर्च वेगळा छापा, संशय निम्मा तिथेच संपेल.

प्रादेशिक पातळीवर तर सगळा कारभार बहुधा एकाच माणसाच्या वहीत असतो. जमीनमालकाशी ओळख त्याची, झेंड्यांचा ट्रेलर त्याच्या अंगणात, विम्याचे कागद त्याच्या कपाटात. वर्षानुवर्षं तो पदरमोड करून राबतो आणि त्याबद्दल त्याला मी मनापासून मानतो. पण एका सभेत कोणी हिशेब विचारला की हाच माणूस दुखावतो, ट्रेलर घेऊन निघून जातो आणि शेजारच्या तालुक्यात नवा क्लब काढतो. मग एकाच रविवारी दोन शर्यती आणि दोन्हीकडे स्टार्ट गेटवर निम्म्या जागा रिकाम्या. आपल्याकडे गणेश मंडळं अशीच फुटतात, आणि मंडप दोन झाले तरी वर्गणी देणारी घरं तेवढीच राहतात.

इंग्लंडमध्ये ही फूट आणखी महाग पडते. तिथे एखाद्या शेतात वेगळी परवानगी न काढता मोटर शर्यती वर्षातून 14 दिवसच घेता येतात, सरावाचे दिवस धरून. त्या चौदा दिवसांवर दोन क्लब हक्क सांगू लागले की शेतकरी वैतागतो आणि दोघांनाही फाटक बंद करतो. मैदान एकदा गेलं की ते परत मिळणं कठीण, कारण तोवर शेजारी आवाजाच्या तक्रारी घेऊन उभे असतात.

सभासदांनाही मी सोडणार नाही. वर्गणी भरायची, शर्यत धावायची, मतपत्रिका टेबलावर पडू द्यायची आणि मग पार्किंगमध्ये ‘वरच्या मंडळींना’ शिव्या घालायच्या, हा मालकाचा बाणा नव्हे. 1989 पासून वरची मंडळी म्हणजे तुम्हीच. साठी आणि सत्तरीच्या पुढचे वेगळे वर्ग असलेल्या या खेळात भांडायला फार वेळ उरलेला नाही. वळणावर पिवळा झेंडा धरून उभा राहणारा स्वयंसेवक आधीच शोधून आणावा लागतो, आणि चिडलेल्या दोन गटांच्या मध्ये उभं राहायला तो येणार नाही.

म्हणून पुढच्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराला लेखी विचारा: तुमच्या गाड्या कोणत्या वर्गात बसतात? त्या वर्गाच्या नियमावर मतदान होईल तेव्हा तुम्ही खोलीबाहेर जाल का? वही आणि ट्रेलर दुसऱ्याच्या हवाली कधी कराल, तारखेसकट सांगा. उत्तर टाळणाऱ्याला मत देऊ नका, मग तो तुमचा कितीही जुना दोस्त असो.