गीदाचा निरोप

साडेचारच्या आत परत या, पाचला जहाज सुटेल, हे आम्हाला आदल्या रात्रीपासून चार वेळा सांगून झालं होतं. जेवताना कागदावर छापून, झोपताना कर्ण्यातून, सकाळी पुन्हा कर्ण्यातून आणि शेवटी उतरण्याच्या फळीवर एका हसऱ्या मुलीने समोरासमोर. आयुष्यात एकदाच बर्गनला यायचं आणि त्याला द्यायचे आठ तास. आमच्या गावच्या जत्रेलाही आम्ही याहून जास्त वेळ काढतो.

धक्क्यावर सहलीच्या बसगाड्या उभ्या होत्या. ही म्हणाली, "पायीच जाऊ. बसमध्ये खिडकी तुम्हाला मिळते आणि मला तुमचं डोकं दिसतं." यावर काय बोलणार?

पाऊस पडतच होता. मी रत्नागिरीचा, त्यामुळे पावसाच्या बाबतीत मला कोणी काही सांगू नये असं माझं मत. बर्गनला वर्षाला सव्वादोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. आमच्याकडे याहून जास्त. पण आमचा पाऊस जूनमध्ये वाजतगाजत येतो आणि नवरात्राच्या सुमारास निरोप घेतो. इथला वर्षातले दोनशेहून अधिक दिवस कामावर असतो. आवाज नाही, गडगडाट नाही, नुसती हजेरी. २००६च्या ऑक्टोबरअखेर सुरू झाला तो सलग ८५ दिवस, पार २००७च्या जानेवारीपर्यंत रोज पडला म्हणे. गावातली माणसं छत्रीच्या फंदात पडत नाहीत, टोपीचा कोट घालून निमूट चालतात. का, ते मला किल्ल्याच्या कोपऱ्यावर कळलं. वारा आला आणि माझी छत्री कमळासारखी उमलली. ही हसली नाही. तिने फक्त आपल्या कोटाची टोपी डोक्यावर ओढली.

किल्ला ओलांडला की ब्रिगेन. ओळीने उभी लाकडी घरं. तांबडी, पिवळी, पांढरी, टोकदार कपाळांची, आणि एकही सरळ नाही. लग्नाच्या पंगतीत जेवण जास्त झाल्यावर माणसं जशी शेजारच्यावर रेलतात, तशी ही घरं एकमेकांवर रेललेली आहेत. मधल्या बोळात शिरलं की पायाखाली फळ्या, डोक्यावर फळ्या, आणि ओल्या लाकडाचा वास. १३६०च्या सुमारास जर्मन व्यापाऱ्यांनी, म्हणजे हान्झावाल्यांनी, इथे पेढी थाटली आणि जवळजवळ चारशे वर्षं चालवली. माल कोणता? सुका मासा. वर लोफोटेनच्या बेटांवर कॉड मासा लाकडी मांडवावर टांगायचा, मीठसुद्धा लावायचं नाही, थंड वाऱ्यानेच तो फळीसारखा कडक होतो. तो इथे यायचा, इथून युरोपभर जायचा आणि बदल्यात धान्य यायचं. हे वाचून माझी छाती उगाचच फुगली. सुके बोंबील आणले तर शेजारी नाकाला रुमाल लावतात; इथे सुक्या माशावर उभ्या राहिलेल्या वखारींना १९७९ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. हे वाक्य मी आमच्या सोसायटीच्या पुढच्या सभेसाठी राखून ठेवलं आहे.

व्यापाऱ्यांचं जगणं मात्र फार सुखाचं नसावं. पेढीवरच्या माणसांनी लग्न करायचं नाही. लाकडी घरात आगीची भीती, म्हणून तिथे विस्तव पेटवायचा नाही. ऊब आणि गरम जेवण हवं तर मागच्या बाजूच्या वेगळ्या इमारतीत जायचं. इतकं करूनही १७०२ साली सगळं जळालंच. मग पुन्हा जुन्याच धर्तीवर बांधलं. १९५५ साली परत मोठी आग लागली, आणि त्या जळालेल्या जागेत उत्खनन करताना खालून मध्ययुग वर आलं.

त्यातला थोडा भाग जवळच्या संग्रहालयात मांडलाय. आम्ही आत शिरलो ते इतिहासाच्या ओढीने नव्हे, कोरडं होण्यासाठी. पण तिथे मला गीदा भेटली. उत्खननात लाकडाच्या शेकडो काटक्या सापडल्या, त्यांवर रून लिपीत चाकूने कोरलेला मजकूर. कुठे मालावर लावायची मालकाच्या नावाची चिठ्ठी, कुठे प्रार्थना, कुठे प्रेमाच्या गोष्टी. आणि एका काटकीवर एवढंच, की गीदा तुला घरी यायला सांगतेय. गुत्त्यात बसलेल्या नवऱ्याला धाडलेला निरोप असावा, असा जाणकारांचा तर्क आहे. काटकीच्या दुसऱ्या बाजूलाही काहीतरी कोरलंय, बहुधा उत्तर. ते मात्र कोणालाच लागत नाही.

मी काचेसमोर बराच वेळ उभा होतो. आठशे वर्षं झाली असतील. राजे गेले, पेढी १७५४ साली बंद पडली, आणि हा निरोप शाबूत.

"काय लिहिलंय?" हिने विचारलं.

"मालाच्या याद्या," मी म्हणालो.

मासळीबाजारात आम्ही भाव विचारले, मनातल्या मनात रुपये केले आणि दालचिनीच्या पावावर भागवलं. इथे त्याला स्किलिंग्सबोल्ले म्हणतात. नाव उच्चारेपर्यंत अर्धा संपतो. ग्रीगचं घर शहराबाहेर, पायी जाण्यासारखं नाही. त्या थोर संगीतकाराला मी बाजारातूनच हात जोडले. मग फ्लयेनचा डोंगर. रुळांवरून दोरीने ओढली जाणारी गाडी १९१८पासून वर नेते, सव्वातीनशे मीटरभर उंचीवर. वर गाडीने जायचं आणि खाली चालत यायचं, हा आमच्या 'पायीच' या शब्दाचा सोयीचा अर्थ.

ढग क्षणभर बाजूला झाले. खाली बंदर, सात डोंगरांतलं गाव, आणि सगळ्यांत उंच इमारत म्हणजे आमचंच जहाज. उतरताना वाटेवर शेळ्या भेटल्या, काश्मिरी जातीच्या. इतक्या लांब येऊन काश्मीर! त्यांना कुंपण नाही. गळ्यात एक यंत्र असतं, हद्दीजवळ गेलं की ते वाजतं आणि शेळी माघारी वळते. एका शेळीने माझ्याकडे पाहिलं. माझ्या गळ्यात जहाजाचं कार्ड लोंबत होतं. आम्ही एकमेकांना ओळखलं.

गावात परतल्यावर ही लोकरीच्या दुकानात शिरली आणि मी बंदराच्या कडेला एका ओल्या बाकावर बसलो. समोर होड्या, पाणी, पाण्यावर पाऊस. चार कधी वाजले कळलं नाही. खिशात फोन थरथरला.

"अहो, कुठे आहात? मी धक्क्याशी आलेय. चला आता."

लगेच उत्तर लिहायला घेतलं. बोटं भिजलेली, काचेवर टपटप थेंब पडतायत आणि प्रत्येक थेंब आपल्या मनाने एकेक अक्षर उमटवतोय. पुसलं की आणखी चार उमटायची. शेवटी घाईत कुठेतरी दाबलं गेलं आणि निरोप निघून गेला. 'ळङझज्ञढ ठठ'.

मी छत्री उचलली आणि जहाजाच्या दिशेने पळत सुटलो.