पोटाच्या मुळावर

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये म्हणतात. पोटाच्या तक्रारीचं मूळ मात्र खुशाल विचारावं, आणि कुणालाही विचारावं. लग्नाच्या पंगतीत विचारा, बागेतल्या हास्यक्लबात विचारा, वाण्याकडे ओवा मागताना विचारा. उत्तर अर्ध्या मिनिटात मिळतं आणि ठाम मिळतं. गहू सोडा. गव्हाचं काही नाही, दूध सोडा. दुधाने काही होत नसतं हो, फ्रिजमधलं पाणी बंद करा. बेंबी सरकलीय. जंत आहेत. पित्त आहे. तुम्ही राग गिळता, तो पोटात साचलाय.

हे सल्ले ज्याला मिळतात त्याच्या फायलीवर बहुधा 'आयबीएस', म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, असं लिहिलेलं असतं. पोटात कळ येते, जाऊन आल्यावर जरा बरं वाटतं, तासाभराने पुन्हा कळ. आठवडाभर खडा, मग दोन दिवस पाणी. रक्त नॉर्मल, सोनोग्राफी नॉर्मल, दुर्बीण घालून पाहावं तर आतडं गुळगुळीत, गुलाबी, पुस्तकात छापण्याजोगं. डॉक्टर फाईल मिटतात. "काही नाही, टेन्शन घेऊ नका." काही नाही, तर मग सकाळी घरातून निघण्याआधी चार वेळा जावं का लागतं? मुंबईच्या लोकलला शौचालय नसतं. कर्जतहून सीएसएमटी गाठणाऱ्या या माणसाला कुठल्या स्टेशनवर सोय कुठल्या टोकाला आहे आणि तिथे कडी लागते की नाही, हे तोंडपाठ असतं. टेन्शन न घेण्याचा सल्ला त्याने नेमका कुठल्या फलाटावर अमलात आणावा?

डॉक्टरांचीही अडचण आहे. हा आजार रक्तात सापडत नाही, फोटोत उमटत नाही. तो रुग्णाच्या सांगण्यावरून ओळखायचा असतो. २०१६ साली आलेले 'रोम चार' निकष तेच म्हणतात: गेले तीन महिने आठवड्यातून सरासरी निदान एक दिवस पोटदुखी, आणि तिचा शौचाला जाण्याशी, त्याच्या वेळापत्रकाशी, त्याच्या रूपाशी संबंध. रूपासाठी ब्रिस्टलच्या संशोधकांनी १९९७ साली सात प्रकारांचा सचित्र तक्ता प्रसिद्ध केला. आपल्याकडे हे काम आज्या तक्त्याशिवाय करत. म्हणजे निदानाचं मुख्य हत्यार कान. आणि नेमकी त्याचीच टंचाई आहे.

टंचाई आली की बाजार आलाच. बाजारातल्या पाट्या वेगवेगळ्या, ओळ एकच: 'आम्ही लक्षणांवर नव्हे, मूळ कारणावर उपचार करतो.' गंमत अशी, की ज्याच्या दुकानात जे असतं तेच मूळ निघतं. प्रोबायोटिक विकणाऱ्याला जंतूंचा तोल ढळलेला दिसतो, डिटॉक्सवाल्याला विष दिसतं, ग्लूटेनमुक्त पिठाच्या गिरणीला गहू खुपतो. सगळ्यात कल्पक ती आयजीजीची चाचणी. रक्त द्या, आणि कोणते पदार्थ तुम्हाला 'सोसत नाहीत' त्याची रंगीत तक्त्यांची वही घ्या. आयजीजी नावाची ही प्रतिपिंडं आपण जे खातो त्याची शरीराने घेतलेली नोंद असतात. ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटना ही चाचणी करू नका म्हणून सांगून थकल्या. पोळी-भाजी-ताक खाणाऱ्याच्या वहीत गहू आणि दूध लाल रंगात येणारच. हजारो रुपये मोजून स्वतःच्याच वाणसामानाची यादी घरी आणायची!

मुळाचा हा ध्यास आजचा नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये सर विल्यम आर्बुथनॉट लेन नावाचे नामांकित सर्जन होते. मोठ्या आतड्यात मळ साचतो, त्याचं विष अंगभर पसरतं आणि बहुतेक आजार तिथूनच येतात, अशी त्यांची खात्री. मूळ सापडलं, मग वाट कशाची? त्यांनी लोकांची मोठी आतडी कापून काढली. पुढे सुरी ठेवली आणि १९२५ साली संस्था काढून लोकांना कोंडा आणि भाजीपाला खायला सांगू लागले. तोवर ज्यांची आतडी गेली होती त्यांना कोंड्याचा काय उपयोग, हे इतिहास सांगत नाही. पोटातल्या विषाची ही भीती वैद्यकाने केव्हाच टाकून दिली, पण ती वाया गेली नाही. 'कोलन क्लिन्झ'च्या जाहिराती वाचून पाहा, लेनसाहेबांचीच भाषा आहे, फक्त नळी नवी.

कारणं अगदीच अज्ञात आहेत असंही नाही. कॅनडातल्या वॉकरटन गावात मे २००० मध्ये नळाच्या पाण्यात जंतू शिरले. दोन हजारांवर माणसं आजारी पडली, सात दगावली. वाचलेल्यांचा पुढे कित्येक वर्षं मागोवा घेतला, तर जुलाब-उलट्या भोगलेल्यांत आयबीएसचं प्रमाण इतर गावकऱ्यांपेक्षा ठळकपणे जास्त निघालं. जंतू गेले, आतड्याचा हळवेपणा मागे राहिला. हे खरंखुरं मूळ कारण. पण त्यावर उपचार करणारा माणूस जलवाहिनी आणि गटार यांच्यातलं अंतर राखणारा नगरपालिकेचा फिटर असतो, आणि त्याचं वेलनेस पॅकेज निघत नाही.

दुसरं कारण वरच्या मजल्यावरचं. विसाव्या शतकाच्या मध्याला न्यूयॉर्कमध्ये थॉमस आल्मी या डॉक्टरांनी वैद्यकाच्या एका विद्यार्थ्याच्या आतड्यात दुर्बीण घातली आणि तो ऐकेल अशा बेताने कॅन्सर दिसल्याची बतावणी केली. डोळ्यांदेखत आतडं आवळलं. थट्टा होती असं सांगितल्यावर सैल पडलं. आज कुणी असा प्रयोग सुचवला तर आधी नीतिसमिती आवळेल. पण मेंदू घाबरला की आतडं मुरडतं, ही गोष्ट तेव्हापासून नुसती म्हण राहिली नाही. आता तर आयबीएसचं खातंच आतडं आणि मेंदू यांच्या बिघडलेल्या व्यवहारात टाकलंय. याचा अर्थ दुखणं 'मनाचं' आहे असा नाही. कळ पोटातच येते.

आता पर्यायी म्हणतात त्या उपचारांकडे येऊ. सगळ्यात गाजलेला उपाय मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाचा, नाव 'फॉडमॅप'. लहान आतड्यात नीट न शोषल्या जाणाऱ्या साखरा पुढे सरकतात, पाणी ओढतात, आणि मोठ्या आतड्यातले जंतू त्यांचा वायू करतात. त्या कशात असतात? कांदा, लसूण, गहू, राजमा, छोले, दूध, फ्लॉवर, सफरचंद. आणि हो, आंबा. म्हणजे आपला चातुर्मास ऑस्ट्रेलियाची वारी करून, पैसे मोजून घ्यायचं ॲप सोबत घेऊन परत आलाय. उपाय पुष्कळांना लागू पडतो. पण मेलबर्नच्या चातुर्मासाला पारणं आहे: दोन ते सहा आठवडे वर्ज्य, मग एकेक पदार्थ परत ताटात आणायचा, कशाने दुखतं ते पाहायचं आणि उरलेलं निमूट खायला लागायचं. आपला रुग्ण पारण्यापर्यंत पोचतच नाही. वर्ज्य करण्यातलं तेज त्याला इतकं मानवतं, की दोन वर्षांनी तो भात, दोडका आणि स्वतःचं कौतुक एवढ्यावर जगत असतो. (कांद्याविना चव यावी म्हणून परदेशातली फॉडमॅपवाली मंडळी हल्ली फोडणीत हिंग घालतात. बाजारातल्या डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, हे त्यांना हळूहळू कळतंय.)

आणि आजोबांच्या कपाटातलं इसबगोल? उत्तर गुजरातेत, उंझा-सिद्धपूरच्या पट्ट्यात पिकून जगभर जाणारं हे भूस. नेदरलँड्समध्ये त्याची, गव्हाच्या कोंड्याची आणि तांदळाच्या पिठाची रुग्णांवर शर्यत लावली, २००९ साली निकाल छापला. इसबगोल जिंकलं. कोंड्याने काहींची पोटं आणखी बिघडली. 'कोंडा खा, सगळं साफ होईल' सांगणाऱ्या आपल्या शेजाऱ्यांनी आणि स्वर्गवासी लेनसाहेबांनी नोंद घ्यावी. पुदिन्याचं तेल, म्हणजे पोट ओलांडून आतड्यात विरघळणारी कुपी, तेही मार्गदर्शक सूचनांत जाऊन बसलंय. संमोहनसुद्धा! मँचेस्टरच्या पीटर व्होरवेल यांनी १९८४ साली तीस हट्टी रुग्णांवर करून दाखवलं. तेव्हा लोक हसले असतील, आज ब्रिटिश सरकारी सूचनांत त्याचा उल्लेख आहे. सिद्ध झालं की पर्यायी उपचार पर्यायी राहत नाही, मुकाट्याने मुख्य दालनात येतो. मागे राहतं ते बहुतेक परीक्षेला न बसलेलं, नाहीतर नापास झालेलं.

मग परीक्षेला न बसलेल्यांकडे गर्दी का? याचं उत्तर हार्वर्डच्या टेड कॅप्चक यांनी देऊन ठेवलंय. हा गृहस्थ एमडी नाही, मकाऊत चिनी वैद्यक शिकलेला. २००८ साली त्यांनी आयबीएसच्या २६२ रुग्णांचे तीन गट केले. एकाला नुसतं थांबवून ठेवलं. दुसऱ्याला खोट्या सुया लावल्या, त्वचेत न शिरणाऱ्या, आणि लावणारा फारसं बोलला नाही. तिसऱ्याला त्याच खोट्या सुया, पण आधी पाऊण तास नीट विचारपूस: कधीपासून दुखतं, तुम्हाला स्वतःला काय वाटतं, घरी काय चाललंय. तीन आठवड्यांनी पुरेसा आराम वाटल्याचं सांगणारे पहिल्या गटात २८ टक्के, दुसऱ्यात ४४, तिसऱ्यात ६२. सुया दोन्हीकडे खोट्याच. खरी होती ती विचारपूस. दोन वर्षांनी त्यांनी आणखी पुढचं केलं. ८० रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांना सरळ सांगितलं, की या गोळीत औषध नाही, तरी घ्या. गोळी घेणाऱ्यांत ५९ टक्क्यांना आराम, न घेणाऱ्यांत ३५ टक्क्यांना.

यापुढे दुसरा आकडा ठेवा. जगभरातल्या बाह्यरुग्ण तपासणीचा वेळ मोजणारा एक आढावा २०१७ साली आला होता. स्वीडनमध्ये डॉक्टर सरासरी साडेबावीस मिनिटं देतात, बांगलादेशात ४८ सेकंद. आपण दोन मिनिटांच्या आसपास. दोन मिनिटांत रुग्ण अजून आपल्या पोटाच्या बालपणात असतो. पाऊण तास ऐकून घेणारा माणूस त्याला बाहेर भेटतो, तो नाडी धरतो, जीभ पाहतो, 'झोप कशी लागते' विचारतो आणि बेंबीवर पणती ठेवून तांब्या पालथा घालतो. तांब्यात काही नसलं तरी त्या पाऊण तासात असतं. आयबीएसचं मूळ सापडो न सापडो, या धंद्याचं मूळ इथे आहे. आणि ते आरोग्यखात्याने, कॉर्पोरेट हॉस्पिटलांनी आणि टोकन नंबर ओरडणाऱ्या कंपाउंडरांनी मिळून रुजवलंय.

पाऊण तासवाल्यांनाही एक टोला हवाच. शौचातून रक्त, विनाकारण उतरणारं वजन, ताप, रक्त कमी होणं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली तक्रार, घरात आतड्याच्या कॅन्सरचा इतिहास, यातलं काहीही असेल तर ते आयबीएस समजून कुरवाळायचं नसतं. आपल्या देशात आतड्याचा क्षयही असतो. आणि गहू सोडून बरं वाटलं म्हणून नाचण्याआधी, गव्हातलं ग्लूटेन न सोसण्याच्या सीलिएक आजाराची रक्ततपासणी, तीही गहू खात असताना. आधीच सोडला तर चाचणी खोटा दाखला देऊ शकते. हे न सांगता वर्षभर तांब्या लावणारा माणूस प्रेमळ असेल, निरुपद्रवी नव्हे.

डॉक्टरी औषधंही धुतल्या तांदळासारखी नाहीत. आयबीएसवरचं अलोसेट्रॉन अमेरिकेत फेब्रुवारी २००० मध्ये बाजारात यायला मंजूर झालं आणि आतड्याचा रक्तपुरवठा तुटल्याच्या तक्रारींमुळे नोव्हेंबरात बाहेर गेलं; नंतर कडक अटी घालून परत आलं. उलट ॲमिट्रिप्टिलिन हे जुनं, स्वस्त औषध अगदी कमी मात्रेत उपयोगी पडतं, असं ब्रिटनमधल्या ४६३ रुग्णांच्या चाचणीतून २०२३ साली दिसलं. पण ते मुळात नैराश्याचं औषध. रुग्ण पाकिटातला कागद उलगडतो, तोंड कोरडं पडेल, झोप येईल, बद्धकोष्ठ होईल, असं वाचतो आणि गोळी कचऱ्यात टाकतो. मग मेहुण्याने नाशिकहून पाठवलेली चूर्णाची पुडी काढतो. इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी २००८ साली छापून आली होती, त्यातल्या साधारण पाचव्या भागात शिसं, पारा किंवा आर्सेनिक होतं. शिसं अंगात भिनलं की काय होतं? पोटात कळा येतात आणि बद्धकोष्ठ होतं. पण मेहुण्याच्या पुडीवर काहीच छापलेलं नसतं. म्हणून तिला दुष्परिणामही नसतात.