चार्जरसकट अण्णा

बेलपाड्यातल्या आमच्या सोसायटीत अण्णांना ‘लॅपटॉप घेतला का?’ असं कुणी विचारत नाही. ‘आज कुठला बाद झाला?’ असं विचारतात. मग अण्णा सांगतात. मेट्रोत सांगायला लागले की बेलापूरला लोकलमध्ये बसल्यावरही सांगत असतात, आणि वाशीला उतरायचं असलेला माणूस त्या नादात खाडी ओलांडून मानखुर्दला पोचतो.

तशी मागणी अगदी साधी. लहान, हलका, 25,000 रुपयांच्या आतला, रोजच्या वापराचा लॅपटॉप. रोजचा वापर म्हणजे सोसायटीचा जमाखर्च, विजेचं बिल, गावच्या जमिनीचा सातबारा, जेवताना एखादं जुनं नाटक आणि रविवारी नाशिकच्या नातवाशी व्हिडिओ कॉल. वजन दीड किलोच्या आत. चार्जरसकट.

या ‘चार्जरसकट’पाशी भलेभले सेल्समन गार झालेत. खोक्यावर छापतात ते वजन नुसत्या लॅपटॉपचं. चार्जर, त्याचा ठोकळा आणि दोन हात वायर यांचा हिशेब त्यात नसतो. ‘पिशवीत काय नुसता लॅपटॉप नेऊ? आणि बॅटरी संपली की फुंकर मारू?’ मुद्दा बिनतोड असतो, हीच अण्णांशी बोलण्यातली अडचण.

2023 साली जिओबुक आलं. 990 ग्रॅम, 16,499 रुपये. सोसायटीनं सुटकेचा श्वास टाकला. पेढे कुणी आणायचे इथपर्यंत गोष्टी गेल्या. पण त्यात विंडोज नव्हतं आणि साठवण 64 जीबी. बाद. विंडोजवाले स्वस्त दाखवले तर रॅम चार जीबी. ‘विंडोज अकराला चार जीबी किमान लागते, असं कंपनीच म्हणते,’ मी सांगून पाहिलं. ‘किमान म्हणजे लोकलमधली चौथी सीट,’ अण्णा म्हणाले. ‘बसलोय असं आपण म्हणायचं.’ पुढे रॅम वाढवू म्हटलं, तर ती बोर्डावरच डकवलेली. अण्णा चिमुकला स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवून दुकानात जातात. कुणी अजून उघडू दिलेलं नाही, पण खिशात असतो.

त्यांची खरी परीक्षा मात्र ‘ण’ची. सरकारी कचेरीत इनस्क्रिप्ट कीबोर्डवर हात बसलेला. त्यात ‘ण’ला इंग्रजी सीच्या कळीसोबत शिफ्ट दाबावी लागते, डाव्या हाताला सी, म्हणून शिफ्ट उजवी. आणि छोट्या लॅपटॉपमध्ये जागा वाचवताना बारीक करतात ती नेमकी हीच उजवी शिफ्ट. अण्णा दुकानात उभ्या उभ्या ‘अण्णा, पाणी, लोणी, कोण, आणि’ टाइप करतात. शिफ्ट हुकून एक जरी ‘म’ उमटला तरी मशीन बाद. हा विक्षिप्तपणा वाटेल, पण कीबोर्ड स्वतःच्या बोटांनी तपासून लॅपटॉप घेणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

इतिहासही तोंडपाठ. 1981 चा ऑस्बॉर्न पोर्टेबल म्हणून विकला गेला, वजन सुमारे 11 किलो आणि पडदा पाच इंचांचा. 2007 मध्ये असूसनं ईईई पीसी काढला. सात इंची, किलोच्याही आतला. ‘तो माझा होता,’ असं अण्णा दिवंगत माणसाबद्दल बोलावं तसं म्हणतात. मग टॅब्लेट आले आणि नेटबुकची ती सगळी जात बसली. तेव्हा का घेतला नाही, असं विचारलं तर म्हणतात, ‘भाव उतरतील म्हणून थांबलो होतो.’

एकदा मात्र घेताघेता वाचले. 3 ऑगस्ट 2023 ला केंद्र सरकारनं लॅपटॉपच्या आयातीला परवाना सक्तीचा केला. अण्णा चेकबुक घेऊन निघाले. दुकानात ‘ण’ उमटेपर्यंत संध्याकाळ झाली, म्हणून उद्या येतो म्हणाले. आणि दुसऱ्याच दिवशी सरकारनं तो निर्णय तीन महिने पुढे ढकलला. चेकबुक कपाटात गेलं. पुढे 22 सप्टेंबर 2025 ला जीएसटी उतरणार कळल्यावर पुन्हा आशा. उतरला तो मोठ्या टीव्हींचा नि एसीचा, 28 वरून 18 वर. लॅपटॉप आधीपासूनच 18 वर होता. काकूंनी त्या आठवड्यात टीव्ही घेतला. वजन विचारलं नाही.

गंमत अशी, की दुसऱ्यासाठी निवडायला या माणसाला दोन मिनिटं लागतात. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीला कॉलेजसाठी हवा होता. ‘चौदा इंची, आठ जीबी, पडदा आयपीएस, एसएसडीच घे, आणि चार्जिंग टाइप-सी बघ, म्हणजे फोनला नि त्याला एकच चार्जर. चाळीस हजारांच्या वर जाऊ नकोस.’ तिनं संध्याकाळी आणला. पोरगी खूश, आईबाप खूश. अण्णा तेवढे खोकं उलटंसुलटं करत होते. ‘एक किलो चारशे लिहिलंय. खात्री कुणी केली?’

कोपऱ्यावर मासळीवाली मावशी इलेक्ट्रॉनिक काटा घेऊन बसते. अण्णांनी लॅपटॉप दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळला, वर चार्जर ठेवला आणि मावशीला हलवे बाजूला करायला लावले. ती मुलगी रडकुंडीला येऊन पाठीमागे उभी. मावशीनं आकडा वाचला, ‘एक किलो सहाशे वीस.’ मग पिशवीकडे नि अण्णांच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघून विचारलं, ‘कापून देऊ की अख्खाच नेताय?’

अण्णांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. ‘आधी चार्जर काढून परत तोल,’ ते म्हणाले.